भरावयाचे फॉर्म आणि मुक्त संगणकप्रणाली

सांप्रतच्या काळीं विद्यार्थ्याचें जीवन अर्जांनीं वेढलेलें आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, पुढें महाविद्यालयांत प्रवेश मिळविण्याचा अर्ज. यांपैकीं पुष्कळसे अर्ज आतां कागदावर न येतां पीडीएफ नांवाच्या फाईलच्या रूपानें घरीं येतात. फाईल उघडावी, रकान्यांत नांव, जन्मतारीख व पत्ता लिहावा, ती जतन करावी आणि पाठवून द्यावी, एवढेंच काम. परंतु एवढ्याशा कामांत हुशार मुलेंहि फसतात आणि पालकांची तर फारच तारांबळ उडते, असें दरवर्षीं आमच्या पाहण्यांत येतें. ज्यांच्या घरीं लिनक्ससारखी मुक्त प्रणाली चालविणारा संगणक आहे त्यांना तर "तुमच्या संगणकावर हा फॉर्म भरतां यावयाचा नाहीं" असें कोणीहि दुकानदार बिनदिक्कत सांगतो. हें म्हणणें बहुतेक वेळां खोटें असतें, क्वचित् खरें असतें. तें केव्हां खोटें व केव्हां खरें, हें या लेखांत उलगडून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मुक्त या शब्दाविषयीं. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ज्या प्रोग्रॅमची मूळ लिखावट सर्वांस वाचावयास खुली आहे, जी बदलण्यास व दुसऱ्यास देण्यास परवानगी आहे, तो प्रोग्रॅम मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू नांवाची योजना जाहीर केली, आणि १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन कामांच्या मेळांतून आजच्या बहुतेक मुक्त प्रणाली झालेल्या आहेत. आपल्या देशांत केरळच्या सरकारी शाळांतून मुलें लिनक्सवरच संगणक शिकतात, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेनें बॉस या नांवाची एक भारतीय लिनक्सप्रणाली तयार केली आहे. महागड्या प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रती ज्या घरांत सर्रास वापरल्या जातात, त्या घरांतील मुलांस आठवी आज्ञा तोंडपाठ असते, ही गोष्ट आम्हांस नेहमींच थोडी खटकते. जेथें प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे तेथें तो शिकून घ्यावा, हें बरें.

आतां पीडीएफ म्हणजे काय तें पाहूं. अडोबी या अमेरिकन कंपनीनें ही पद्धति १९९३ सालीं काढली. कोणत्याहि संगणकावर उघडली तरी पानाची मांडणी रेसभर हलूं नये, हा तिचा हेतु. २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली, आणि तिचे नियम तर त्याच्याहि आधींपासून कोणासहि वाचून त्याप्रमाणें प्रोग्रॅम लिहितां येत होते. मुक्त प्रणालींतील लोकांनीं तें काम आधींच हातीं घेतलें होतें. पॉप्लर नांवाचा जो सामायिक भाग आज लिनक्सवरील अनेक प्रोग्रॅमांच्या पोटांत आहे, तो २००५ सालीं एक्सपीडीएफ या जुन्या प्रोग्रॅमपासून निघाला.

छापील पान आणि भरावयाचा फॉर्म यांतला भेद येथें नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या अडचणी त्यांतूनच निघतात. छापील पान म्हणजे शाईनें उमटलेल्या अक्षरांचें चित्र. त्यावर "नांव" या शब्दापुढें रेघ मारलेली असेल, परंतु ती रेघ नुसती रेघच. १९९६ सालीं पीडीएफच्या नियमांत खऱ्या रकान्यांची सोय झाली. खरा रकाना हा पानावर ठेवलेल्या पारदर्शक कप्प्यासारखा असतो. त्याला तीन गोष्टी असतात. एक, त्याचें आंतलें नांव, जें भरणाऱ्याला दिसत नाहीं. दुसरी, त्याची किंमत, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर. आणि तिसरी, त्या मजकुराचें रूप, म्हणजे तो मजकूर कोणत्या टंकांत, केवढा, कोठें दिसावा याचें काढून ठेवलेलें चित्र. किंमत आणि रूप या दोन वस्तु निरनिराळ्या आहेत, हें विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. दोहोंची फारकत झाली कीं एका संगणकावर भरलेला दिसणारा फॉर्म दुसऱ्यावर कोरा दिसतो. आणि पाठविणारा व घेणारा दोघेहि एकमेकांस खोटें पाडूं लागतात.

फॉर्म हातीं आला म्हणजे तो तीन जातींपैकीं कोणत्या जातीचा आहे, हें आधीं ओळखावें. पहिली जात सपाट फॉर्मची. यांत रकानेच नसतात. कोणा कारकुनानें छापील कागद स्कॅन केलेला असतो. दुसरी जात आम्हीं वर वर्णिलेल्या खऱ्या रकान्यांची. तिसरी जात एक्सएफए नांवाची, आणि सगळें दुखणें तिच्यांत आहे. ही पद्धति २००३ सालीं पीडीएफमध्यें आली. तिच्यांत फॉर्मचें सारें अंग एका वेगळ्या भाषेंत लिहिलेलें असून पीडीएफ हें केवळ वरचें वेष्टण असतें. अशा फॉर्मचा एक प्रकार असा कीं, तो न समजणाऱ्या प्रोग्रॅमांत उघडला असतां पानावर फक्त "कृपया थांबा" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. वाचक थांबतो, चहा पिऊन येतो, तरी मजकूर तोच! फाईल बिघडलेली नसते. आंतला फॉर्म वाचणारेंच कोणी तेथें नसतें. कॅनडा सरकारचे व्हिसासंबंधीचे कित्येक अर्ज या जातीचे निघाले, आणि तिकडे शिकावयास जाऊं इच्छिणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनीं हें पान पाहिलें असेल. आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-२१ या योजनेंतहि वर्षानुवर्षें असे पीडीएफ फॉर्म होते. पुढें २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानें संकेतस्थळावरच भरण्याच्या पद्धतीकडे गेले. २०१७ सालच्या नव्या मानकानें एक्सएफए ही त्याज्य ठरविली आहे. तरी जुने फॉर्म एका दिवसांत नाहींसे होत नाहींत.

दुकानदाराचें म्हणणें खरें ठरण्याचा प्रसंग तो हाच. अडोबीनें लिनक्सकरितां आपल्या रीडरची नवी आवृत्ति २०१३ नंतर काढलेली नाहीं, आणि ती जुनी आवृत्ति आज वापरणें सुरक्षितपणाच्या दृष्टीनें योग्य नव्हे. परंतु येथेंहि एक वाट मोकळी झालेली आहे. फायरफॉक्स या मुक्त ब्राउझरनें ऑक्टोबर २०२१ मध्यें, ९३ व्या आवृत्तीपासून, एक्सएफए फॉर्म दाखविण्याची व भरण्याची सोय केली. ती सर्वांगपूर्ण नाहीं. शेवटीं दाबावयाचें तपासणीचें बटण किंवा त्यानंतर उमटणारा पट्ट्यापट्ट्यांचा संकेत कोठें कोठें नीट चालत नाहीं. असा फॉर्म आला असतां प्रथम फायरफॉक्समध्यें उघडून पाहावा, आणि तेथेंहि अडल्यास मात्र दुसऱ्याच्या संगणकाचा आश्रय करावा. याहून अधिक आशा दाखविणें लबाडीचें होईल.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे खऱ्या रकान्यांच्या फॉर्मकरितां साधनांची मुळींच वाण नाहीं. एव्हिन्स हा साधा व सुटसुटीत प्रोग्रॅम आहे. रकान्यावर टिचकी मारावी आणि लिहावें. ओक्युलर हा त्याहून समर्थ आहे. त्यांत फाईल उघडतांच वरच्या बाजूस फॉर्म असल्याची सूचना येते, आणि "शो फॉर्म्स" हें बटण दाबल्यावांचून रकाने उघडत नाहींत. हें बटण न दिसल्यामुळें कित्येकजण फॉर्म सपाट आहे असें समजून बसतात. रकान्यांच्या पोटांत कांहीं वेळां लहानसा हिशेब घातलेला असतो, उदाहरणार्थ पांच विषयांच्या गुणांची बेरीज आपोआप होणें. ओक्युलर व फायरफॉक्स हे असे हिशेब पुष्कळ अंशीं करितात. एव्हिन्स करीत नाहीं. तेव्हां बेरजेचा रकाना रिकामा राहिला तर स्वतः बेरीज करून लिहावी, नाहीं तर प्रोग्रॅम बदलावा. पीडीएफटीके म्हणून एक साधन आहे, तें आज्ञा टाइप करून चालवावें लागतें. त्यानें फॉर्ममधील सर्व रकान्यांचीं आंतलीं नांवें यादीप्रमाणें काढतां येतात आणि एकाच फॉर्मच्या शंभर प्रती शंभर मुलांच्या नांवांनीं भरतां येतात. शाळेच्या कचेरीला हें वरदानच आहे, पण घरगुती कामास त्याची गरज नाहीं.

सपाट फॉर्मसाठीं एक्सजर्नल प्लस प्लस हा प्रोग्रॅम आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. त्यांत पीडीएफ खालीं ठेवून तिच्यावर टाइप करतां येतें, खूण करतां येते, सहीचें चित्र चिकटवितां येतें. फायरफॉक्समध्येंहि २०२२ पासून पानावर मजकूर लिहिण्याची सोय आहे. एक्सजर्नल वापरतांना मात्र एक सावधगिरी हवी. नुसतें "सेव्ह" केलें तर तो आपल्या स्वतःच्या जातीची फाईल करितो, ती कचेरींत कोणास उघडणार नाहीं. "एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ" असें केलें पाहिजे.

यावरून आपण जतन करण्याच्या प्रश्नावर आलों, आणि येथेंच सर्वांत जास्त नुकसान होतें. आमच्या ओळखीच्या एका मुलीनें परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज ब्राउझरमध्यें उघडून रात्रीं बसून भरला. प्रत्येक रकाना तिनें दोनदां वाचला. मग ब्राउझर तसाच ठेवून डाउनलोडच्या फोल्डरमधील फाईल ईमेलला जोडली व पाठविली. जोडलेली फाईल होती ती मूळची कोरी; भरलेली होती ती केवळ पडद्यावर. कचेरीचें उत्तर आलें तेव्हां मुदत टळून दोन दिवस झाले होते, आणि तिचें एक वर्ष गेलें. तिच्या वडिलांनीं शेतांतील काम टाकून तीन वेळां तालुक्याला खेपा घातल्या, परंतु उपयोग झाला नाहीं.

हें कसें होतें तें समजून घ्या. पडद्यावर आपण जें लिहितों तें संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत असतें. मूळ फाईल तबकडीवर जशीच्या तशी पडलेली असते. ब्राउझरमध्यें डाउनलोडची खूण पुन्हां एकदां दाबून, आतां आपण भरलेली प्रत वेगळ्या नांवानें उतरवून घ्यावी लागते. एव्हिन्समध्यें "सेव्ह ॲज" किंवा "सेव्ह अ कॉपी" करावें; न करतां खिडकी बंद करूं लागल्यास तो विचारतो, परंतु घाईंत आपण त्याचें विचारणें न वाचतांच दूर सारतों. ओक्युलरच्या जुन्या आवृत्त्या भरलेला मजकूर फाईलमध्यें न ठेवतां संगणकाच्या दुसऱ्या कोपऱ्यांत ठेवीत असत. त्यामुळें त्याच संगणकावर फॉर्म भरलेला व दुसऱ्यावर कोरा दिसे. आतांच्या आवृत्त्या फाईलमध्येंच लिहितात, पण शाळाशाळांतून जुने संगणक आहेतच.

तेव्हां पाठविण्यापूर्वीं हें करावें. भरलेली प्रत मुलाच्या नांवानें व तारखेनें जतन करावी. सर्व खिडक्या बंद कराव्या. मग तीच फाईल दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमांत, शक्य तर मोबाईलवर, उघडून पाहावी. आणि ईमेलला जोडल्यावर ती जोडलेली फाईलहि तेथूनच एकदां उघडावी. या साऱ्यास पांच मिनिटें लागतात.

आतां मराठी अक्षरांचा प्रश्न. पुष्कळ फॉर्म करणाऱ्यांनीं रकान्याला हेल्व्हेटिका नांवाचा रोमन टंक नेमून दिलेला असतो. त्यांत देवनागरीचें एकहि अक्षर नाहीं. आपण "शिल्पा" असें लिहिलें तर रकान्याची किंमत बिनचूक साठविली जाते, कारण ती युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक पद्धतींत असते. परंतु रूप काढतांना गडबड होते. कोठें चौकोन उमटतात, कोठें ल चा पाय मोडून प शेजारीं वेगळा उभा राहतो, कोठें पहिली वेलांटी श च्या आधीं न येतां मागून येते. याचें कारण असें कीं, युनिकोडमध्यें आधीं श व मग वेलांटी अशा उच्चाराच्या क्रमानें अक्षरें ठेवितात, आणि कागदावर वेलांटी आधीं काढावयाची असते. हा क्रम फिरविणें, अर्धीं अक्षरें जोडणें, रफार डोक्यावर नेणें, हें काम करणारा एक वेगळा भाग लागतो. मुक्त प्रणालींत तें काम हार्फबझ नांवाचा भाग करितो. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स दोघेहि त्याचा उपयोग करितात. पण पीडीएफचा रकाना भरतांना त्याच्याकडे काम सोंपविलें जाईलच असें नाहीं. ब्राउझरमध्यें टाइप करितांना नांव अगदीं सुरेख दिसतें, आणि जतन करून दुसरीकडे उघडल्यावर तेंच मोडकें दिसतें, तें यामुळेंच. जोडाक्षरांनीं छापखानेवाल्यांस छळणें हें कांहीं आजचें नाहीं. अमेरिकन मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांत गेल्या शतकाच्याहि मागल्या शतकांत खिळे जुळविणाऱ्यांनीं या वेलांट्यांशीं आणि रफारांशीं झुंज दिलेली आहे. त्यांचे खिळे निदान हातांत धरून पाहतां तरी येत असत!

उपाय दोन. फॉर्म इंग्रजींत भरण्याची मुभा असेल तर इंग्रजींत भरावा. मराठींतच भरणें आवश्यक असेल तर रकान्यांचा नाद सोडून तो फॉर्म सपाट समजावा, एक्सजर्नलमध्यें लोहित देवनागरी किंवा तसाच दुसरा मुक्त टंक निवडून रकान्याच्या जागेवर लिहावें आणि पीडीएफ म्हणून बाहेर काढावा. त्यांत नांव शुद्ध दिसेल. मात्र ज्या कचेरींत फॉर्ममधील रकाने यंत्रानें वाचले जातात तेथें हा उपाय चालणार नाहीं, कारण यंत्राला रकाना रिकामाच सांपडेल. अशा वेळीं कचेरीस आधीं विचारून घ्यावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य वाचावी. पीडीएफमध्यें बदल जतन करितांना पुष्कळ प्रोग्रॅम जुनी फाईल खोडून नवी लिहीत नाहींत. ते जुनीच ठेवून तिच्या शेवटीं बदलांचें जोडपत्र लावितात. यांत लबाडी नाहीं. आधीं कोणी डिजिटल सही केलेली असेल तर ती मोडूं नये म्हणून ही व्यवस्था आहे. परंतु तिचा परिणाम असा कीं, खोडलेला मजकूर पानावर दिसेनासा झाला तरी फाईलच्या पोटांत राहतो, आणि जाणत्या माणसास तो काढतां येतो. थोरल्या भावाचा भरलेला फॉर्म उघडून, त्याचें नांव पुसून, त्यांतच धाकट्या बहिणीचें नांव घालणें ही आपल्याकडील नेहमींची काटकसर. अशा फाईलबरोबर थोरल्याचा आधार क्रमांक, बँकेचें खातें आणि बापाचें उत्पन्न हीं सर्व बहिणीच्या शाळेंत जातात. म्हणून कोरा फॉर्म वेगळा जपून ठेवावा व प्रत्येक वेळीं त्यापासूनच आरंभ करावा. भरलेल्या फॉर्ममधून मागचें सारें काढावयाचें असेल तर "प्रिंट टु फाईल" करून नवी पीडीएफ करावी. तींत रकाने उरत नाहींत, सारें सपाट होतें, आणि जोडपत्रांचा इतिहासहि तिच्यांत येत नाहीं. ज्या कचेरीला रकाने हवे आहेत तिला मात्र ही सपाट प्रत चालणार नाहीं, आणि डिजिटल सही असलेल्या फाईलवर हा प्रयोग मुळींच करूं नये, कारण नव्या प्रतींत ती सही सहीच राहत नाहीं.

शेवटीं, ज्यांस स्वतः फॉर्म तयार करावयाचा आहे त्या मोठ्या विद्यार्थ्यांकरितां थोडेंसें. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्यें "फॉर्म" अशी एक यादी वर असते. तिच्यांतून मजकुराचा रकाना, खुणेची चौकट, निवडीची यादी वगैरे घेऊन पानावर मांडाव्या. प्रत्येक रकान्याला आंतलें नांव निराळें द्यावें, कारण दोहोंस एकच नांव पडल्यास एकांत लिहिलेलें दुसऱ्यांतहि उमटतें, आणि मग वडिलांच्या जागीं मुलाचें नांव येतें. टंक म्हणून देवनागरी अक्षरें असलेलाच टंक नेमावा. मग पीडीएफ म्हणून बाहेर काढतांना "क्रिएट पीडीएफ फॉर्म" या चौकटींत खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर सुंदर पण सपाट कागद हातीं येईल. वर्गाच्या सहलीचें संमतिपत्र करून पाहण्यास उत्तम. तें तयार झालें म्हणजे ओक्युलर, फायरफॉक्स आणि एखादा मोबाईल अशा तीन ठिकाणीं उघडून, तिन्हींकडे एखाद्या जोडाक्षरांच्या नांवानें भरून, जतन करून, पुन्हां उघडून पाहावें. कोठें नांव मोडलें तर टंक बदलून पुन्हां बाहेर काढावें, आणि मगच तें वर्गांत वांटावें.